खालून ओढणारं इंजिन

४ फेब्रुवारी

दुपारी चहा पिताना बाबा म्हणाले, "वॉशर, करड्या गाडीचं इंजिन बांधून टाकू. म्हणजे तू बांध. मी बाजूला खुर्ची टाकून बसतो."

वॉशर म्हणजे मी. लहानपणी वर्कशॉपमध्ये कुठेही घरंगळत जायचे आणि कुणाला सापडायचे नाही, म्हणून हे नाव पडलं. आता गिऱ्हाइकंसुद्धा तेच म्हणतात.

करडी गाडी बाबांची. दोन दारांची, लांब नाकाची, मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झोपलेली. मी शाळेत असताना तिचं आठ सिलिंडरचं इंजिन जाम झालं. ते बाहेर काढलं, आणि मग आम्ही जगाची इंजिनं बांधत बसलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दर वर्षी बाबा म्हणायचे, यंदा बघू. या वेळी बघू म्हणाले नाहीत, बांध म्हणाले.

"आणि कसं बांधायचं ते कोण ठरवणार?" मी विचारलं.

"बांधणारा ठरवतो. निवड तुझी."

आजवर मी बाबांच्या इंजिनांचे बोल्ट आवळले. हे माझं पहिलं. त्यानंतर कामात लक्ष लागलं नाही. ताडपत्रीची कड उचलून गाडीच्या दिव्यांकडे बघत बसले आणि मनातले मांडे खात राहिले. तळ्याकाठचा रस्ता, उघडी खिडकी, आणि आमच्या मागे रस्ताभर सांडत जाणारा माझ्या इंजिनाचा आवाज.

११ फेब्रुवारी

दोन क्रँक आले, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारे इंजिनाचे वाकडे दांडे, एक मधल्या मापाचा, एक लांब. पसंत पडेल तो ठेवायचा, दुसरा परत करायचा.

क्रँक आडवा ठेवला तर स्वतःच्याच वजनाने वाकतो असं बाबांचं मत, म्हणून आमच्याकडे तो उभा टांगतात. दोन्ही आढ्याच्या आकड्यांना टांगले. छताच्या काचेतून ऊन येत होतं आणि ते दोघं तेलाने चकाकत, अगदी सावकाश, स्वतःभोवती फिरत होते. मी जेवायचं विसरले.

हे सगळं खूळ आहे ते एवढ्याचसाठी: क्रँकचा हात जितका लांब, तितका पिस्टन जास्त खाली जातो, जास्त पेट्रोल पितो आणि जास्त जोर लावतो. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा सांगाडा, तोच राहतो, ताकद वाढते. मला लांब क्रँकच हवा. बाबांनाही लांबच हवा. इथवर आमचं गोडीगुलाबीने चाललं होतं.

घोडं अडलं ते कॅमवर. कॅम म्हणजे झडपा उघडणारा टेंगळांचा दांडा, इंजिनाचा श्वास. त्याची टेंगळं उंच असली की झडपा जास्त उघडतात आणि इंजिन वरच्या फेऱ्यांना बेभान होतं. मात्र खाली, गर्दीत, ते खोकतं, आणि सारखे गियर बदलून त्याला वर ठेवावं लागतं. बुटक्या टेंगळांचा कॅम गरीब स्वभावाचा. मला उंच हवा. फुसफुश्यालाही माझं पटलं. हा आमचा टर्बोवाला गिऱ्हाईक, गाडीसारखाच सारखा फुसफुसत असतो.

बाबा म्हणाले, "मला खालून ओढणारं इंजिन पाहिजे. चौथा टाकला की विसरून जायचं. चढ असो, वळण असो, ते आपलं ओढतंय."

"बाबा, मग ट्रॅक्टर घ्या ना."

ते हसले. डावा हात खिशात होता, उजव्याने त्यांनी लांब क्रँकला हलकासा झोका दिला. मला वाईट वाटलं. याच माणसाने कधीकाळी भरधाव जाऊन माझ्या आईला घाबरवून सोडलं होतं याच गाडीत. साठी बुद्धी नाठी, दुसरं काय.

१५ फेब्रुवारी

आई डबा घेऊन वर्कशॉपमध्ये आली. एरवी ती शेडमध्ये पाऊल टाकत नाही, तेलाचे डाग जात नाहीत म्हणून. आज ताडपत्री बाजूला करून गाडीत जाऊन बसली, शेजारच्या सीटवर, पर्स मांडीवर घेऊन, जणू आत्ता निघायचंय.

"किती दिवस लागतील गं?" तिने विचारलं.

"इंजिन म्हणजे काय इडलीचं पीठ आहे, रात्रीत..." म्हणता म्हणता मी थांबले, कारण ती चेष्टेच्या मूडमध्ये नव्हती. "लागतील तेवढे लागतील."

"लवकर कर. आणि त्यांना हवंय तसं कर ना एकदा."

शेड रिकामी करायची असेल तिला. कपडे वाळत घालायला जागा हवीय असं ती पूर्वी म्हणायची.

निघताना तिने बाबांच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं. बाबा लहान मुलासारखे हनुवटी वर करून उभे राहिले. मी म्हटलं, "या वयात हे लाड?" दोघंही हसले नाहीत. चेष्टा अंगाशी आली असं वाटून मी कामाला लागले.

२३ फेब्रुवारी

आज ब्लॉक घासला. लिहिताना अजून मनगटं दुखताहेत.

लांब क्रँकला फिरायला जागा लागते. त्याच्याबरोबर गरगरणारे, पिस्टनला क्रँकशी जोडणारे रॉड ब्लॉकच्या खालच्या कडेला आपटतात, म्हणून तिथे ग्राइंडरने खाचा पाडायच्या. कडेच्या पलीकडे पातळ भिंत, आणि भिंतीपलीकडे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट. ग्राइंडर जरा जास्त गेला की भोक पडतं, आणि ब्लॉक भंगारात. हा ब्लॉक आता कुठे मिळत नाही. हा गेला की करडी गाडी कायमची ताडपत्रीखाली.

हे काम बाबांचं. शहरातले दुसरे इंजिनवाले आपले ब्लॉक त्यांच्याकडे आणतात ते याच कामासाठी. आज त्यांनी खुणा करायला सांगितल्या आणि ग्राइंडर माझ्याकडे सरकवला.

"मी?"

"तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे आता."

उभ्या जन्मात बाबांनी मला असं काही म्हटलं नव्हतं. "बरं आहे", "चालेल", फार खूश असले तर "हं". आणि आज एकदम हे. मी खाली मान घालून चष्मा पुसत राहिले, कारण डोळे भरून आले होते.

ते कान ब्लॉककडे करून बसले. लोखंड पातळ होत आलं की त्याचा आवाज बदलतो, ते त्यांना ऐकू येतं, मला अजून नाही. मी घासायचे, ते "चालू दे, चालू दे" म्हणायचे, आणि मग "बस". प्रत्येक खाचेला मी श्वास धरून होते. मध्येच किणकिण असा बारीक आवाज यायला लागला आणि मी ग्राइंडर थांबवला. बघते तर बाबांच्या डाव्या हातातला स्पॅनरचा ट्रे वाजत होता. कंप्रेसरमुळे असेल म्हणून बघून आले, तर तो बंद होता. परत येईपर्यंत ट्रे टेबलावर होता आणि बाबा म्हणाले, "पुढची खाच घे."

सगळ्या खाचा झाल्या. पाणी भरून पाहिलं, थेंबसुद्धा पाझरला नाही. घरी येताना रस्त्यावरचे दिवे मला पाण्याखाली असल्यासारखे दिसत होते.

२ मार्च

माझ्या हातून जी चूक झाली ती कुणाला सांगितली तर लोक महिनाभर पोट धरून हसतील. निदान आमच्या धंद्यातले.

लांब क्रँक बसवला, रॉड-पिस्टन लावले, हाताने इंजिन फिरवलं. कुठे घासत नाही, कुठे अडत नाही. मी शिट्टी वाजवत होते. मग माझा लाडका उंच कॅम आत सरकवला, पुन्हा फिरवलं, आणि अर्ध्या फेरीत टक. इंजिन थांबलं. रॉडचा बोल्ट कॅमच्या टेंगळावर टेकला होता.

कॅम न बसवताच मी सगळी मापं घेतली होती. आधी कळस मग पाया.

बाबा उठून आले, वाकून बघितलं. "हं," म्हणाले. "मी पहिल्यांदा तेलाची टाकी विसरलो होतो. तू निदान आतलंच काहीतरी विसरलीस."

म्हणजे आता दोन्ही हट्ट पुरे होणार नाहीत. लांब क्रँक हवा तर बुटका कॅम. उंच कॅम हवा तर मधला क्रँक, आणि मग त्या सगळ्या खाचा फुकट. बाबा परत खुर्चीत जाऊन बसले. वाद घातला असता तर मला भांडता आलं असतं.

५ मार्च

कॅमवाल्या काकांकडे गेले. बाबांचे जुने मित्र. त्यांच्या खोलीत भिंतभर कॅम उभे असतात आणि खिडकीत एक मांजर. मी विचारलं, उंच कॅमचा मधला दांडा बारीक करून द्याल का, म्हणजे रॉडला जागा होईल.

"देईन की. पण पिळवटेल तो. आज ना उद्या मोडेल. तू मोडायला बांधतेयस का?"

काकांनी चहा ओतला. "तुझा बाबा का नाही आला? नेहमी स्वतः गाडी काढून येतो, तासभर डोकं खातो माझं."

"हल्ली मलाच पाठवतात. आळशी झालेत."

काका मांजराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गाडी कोण चालवणार?"

"म्हणजे?"

"इंजिन बांधताना पहिला प्रश्न हाच असतो. बांधणारा कोण ते नंतर."

मी चालवणार, मी मनात म्हटलं. तोंडाने "बघते" म्हणाले आणि चहा तसाच टाकून निघाले. सगळी म्हातारी माणसं एकाच माळेचे मणी आहेत.

८ मार्च

ठरलं. मधला क्रँक, उंच कॅम. मला माझं पहिलं इंजिन गाणारं हवंय, दम खाणारं नको.

बाबांना सांगितलं. वाटलं होतं, आता तरी वाद घालतील. ते पुन्हा आकड्याला टांगलेल्या लांब क्रँकजवळ गेले, त्याचं फिरणं थांबेपर्यंत बोट लावून उभे राहिले, आणि म्हणाले, "निवड तुझी म्हटलं होतं ना. परत पाठवायचा तर तेल पुसून नीट बांध."

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

९ मार्च

रविवार. वर्कशॉप बंद, पण आम्ही दोघं गेलोच. बाबा ताडपत्री काढून करड्या गाडीत स्टिअरिंगमागे बसले. मी शेजारी. पुढे इंजिनाच्या जागी नुसता खड्डा, आणि आम्ही दोघं काचेतून शेडच्या भिंतीकडे बघतोय.

"चला बाबा, तळ्याकडे न्या."

मला वाटलं हसण्यावारी नेतील. पण त्यांनी डोळे मिटले, क्लच दाबला आणि निघाले. खरंच निघाले. "हा आपला चौक. पाववाल्याचा ट्रक उभा आहे, थांब जरा. चला. आता पूल." ते बोलत होते आणि मला सगळं दिसत होतं. पत्र्याच्या फटीतून उन्हाची रेघ येत होती, तिच्यात धूळ तरंगत होती, आणि मला वाटलं ते पुलाखालचं पाणीच चमकतंय. तळ्याकाठचं पहिलं वळण आलं. बाबा स्टिअरिंग जरासं फिरवत होते, त्यांचा चेहरा कितीतरी तरुण दिसत होता.

"आता चढ," ते म्हणाले. "तुझं इंजिन आहे, त्यामुळे इथे तिसरा टाकावा लागणार."

डावा हात खिशातून काढून त्यांनी गियरच्या दांड्यावर ठेवला आणि दांडा किणकिण किणकिण वाजायला लागला. त्यांनी हात लगेच काढून घेतला. डोळे उघडले.

"पोचलो," म्हणाले.

"एवढ्यात? अजून अर्धा वळसा आहे."

"पेट्रोल संपलं."

दांड्याच्या बुडाचा बुश, त्याला घट्ट धरणारी कडी, झिजलाय. उद्या बदलायला हवा.

१० मार्च

बुश झिजलेला नाही.

गाडीखाली झोपून पाहिलं. बुश घट्ट आहे, जवळजवळ नवा. दांडा वरून धरून हलवला, केसाइतकाही ढिला नाही. मी पुन्हा पुन्हा हलवला. वाजत नाही. तो आपणहून वाजूच शकत नाही.

मग मी तशीच गाडीखाली पडून राहिले. स्पॅनरचा ट्रे. बटण. खिसा. "तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे आता." मी किती खूश झाले होते त्या वाक्यावर.

घरी जाऊन आईला विचारलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. "डाव्या हाताला कंप आहे. मागच्या वर्षीपासून. पुढे वाढत जाणार. डॉक्टर म्हणालेत, सध्या गाडी चालवा, पण दर भेटीला तपासून ठरवू."

"मला का नाही सांगितलं?"

"तेच नको म्हणाले. दया आली की वॉशरची मापं सैल होतील म्हणाले. इंजिन होऊ दे, मग सांगू."

मी ट्रॅक्टर घ्या म्हटलं होतं. हे लिहितानाही कान तापताहेत. खालून ओढणारं हवं, चौथा टाकला की विसरून जायचं. कसं इंजिन हवंय ते त्यांनी एकदाही माझ्यापासून लपवलं नव्हतं खरं तर. मलाच ऐकू आलं नाही, लोखंड पातळ झाल्याचा आवाज येत नाही तसं.

११ मार्च

कॅमवाल्या काकांकडून बुटका कॅम आणला. त्यांनी काही विचारलं नाही. कागदात गुंडाळून तयारच ठेवला होता.

बाबांना सांगितलं, "मधला क्रँक परत पाठवतेय. लांबच बसवू."

"का बरं?"

"तुमचं ऐकलं म्हणून नाही. एवढ्या खाचा पाडल्या, त्या वाया कशाला घालवायच्या."

बाबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "व्यवहारी झालीस," म्हणाले.

मापं मी एक केसभरही सैल ठेवणार नाही.

३० मार्च

हे सगळे दिवस वजनं करण्यात गेले. आठ पिस्टन, आठ रॉड, सगळे एकमेकांच्या बरोबरीत आणायचे, मग क्रँकचा तोल साधायचा. कुठे चिमूटभर लोखंड उतरवायचं, पुन्हा तोलायचं. झोपेतही काटा दिसतो, इकडे झुकतो, तिकडे झुकतो, आणि थांबतो. इतकं काटेकोर काम मी याआधी केलेलं नाही, हे फुशारकी म्हणून नाही तर खरं म्हणून लिहून ठेवते.

१९ एप्रिल

सुरू झालं.

इंजिन गाडीत बसवल्यावरची आमच्याकडची एक रीत आहे. पहिल्यांदा सुरू केलं की पाण्याने भरलेला ग्लास इंजिनावर ठेवायचा. पाणी थरथरलं तर इंजिन पुन्हा उघडायचं. नाही थरथरलं तर बांधणाऱ्याने ते पाणी प्यायचं. आजवरचे सगळे ग्लास बाबांनी प्यायले.

आज इंजिन बुडबुडत, खालच्या आवाजात चालू होतं, जुन्या ओळखीचं माणूस दुसऱ्या खोलीत बोलत असावं तसं. आईने ग्लास ठेवला, कारण बाबांनी तो तिच्या हातात दिला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. पाण्यावर छतातल्या काचेचं आकाश पडलं होतं, आणि त्यातला ढग हललासुद्धा नाही.

"पी," बाबा म्हणाले.

पाण्याला पेट्रोलचा वास होता. मी सगळं प्यायले.

२७ एप्रिल

तळ्यावर जाऊन आलो. बाबा स्टिअरिंगवर, मी शेजारी. आई म्हणाली, पहिली फेरी तुम्ही दोघांनीच मारा, मी दुसरीला येते.

निघताना गियर टाकावेच लागले. दांडा वाजला. मी खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत होते. मग पूल आला, तळं दिसलं, बाबांनी चौथा टाकला आणि हात काढून घेतला.

त्यानंतर त्यांनी दांड्याला हात लावला नाही. पहिलं वळण आलं, वेग कमी झाला, इंजिन खोल आवाजात ओढत राहिलं. चढ आला. मी नकळत पाय रोवले. इंजिन कुरकुरलं नाही, खोकलं नाही, खालून हाताने उचलल्यासारखी गाडी वर गेली. बाबा हसले, मोठ्याने. मी स्वप्नात ऐकलं होतं ते किंचाळणारं गाणं कुठेच नव्हतं. पाण्यावरून आमचा आवाज परत येत होता, जाड आणि सावकाश, आणि मला तो त्या गाण्यापेक्षा आवडला.

पलीकडच्या काठाला थांबलो. इंजिन चालू ठेवून बाबा पाण्याकडे बघत बसले. डावा हात मांडीवर होता, उघड्यावर, आणि थरथरत होता. तो लपवायचं ते बहुधा विसरले होते. मग माझी नजर तिथे गेलेली त्यांनी पाहिली.

"वॉशर," ते म्हणाले, "थोडं कंपन आहे गं इंजिनाला. मांडीपर्यंत जाणवतंय."

समोर डॅशबोर्डवर माझी अर्धी पाण्याची बाटली उभी होती. त्यातलं पाणी टेबलावर ठेवल्यासारखं स्तब्ध होतं. बाबांनीही बाटलीकडे पाहिलं.

"हो बाबा," मी म्हटलं. "तोल साधताना माझंच कुठेतरी चुकलंय."

त्यांनी नजर पुन्हा तळ्याकडे वळवली. "हरकत नाही," मग म्हणाले. "पहिलं इंजिन आहे."

परत येताना तेच चालवत होते, आणि त्यांनी हात खिशात घातला नाही.